वाडीवरच्या शाळांतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण: निधी कसा उभा करायचा आणि कुठे लावायचा

कोल्हापूर जिल्ह्यात शाळेसाठी हाक दिली की लोक हात आखडता घेत नाहीत. शैक्षणिक उठावातून, म्हणजे शाळेसाठी गावाने गोळा केलेल्या वर्गणीतून, कंपाउंड होतं, रंगकाम होतं, वर्गात टीव्ही लागतो, वॉटर फिल्टर येतो. देणाऱ्याचं नाव भिंतीवर लिहिता येतं, गावालाही ते दिसतं. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी म्हणून मात्र कोणी सहसा पैसे देत नाही, कारण कोणी ते मागत नाही. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवर आणि धनगरवाड्यांवर दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात. तिथल्या मुलांच्या शिकण्यात सर्वांत मोठा फरक पाडू शकणारी माणसं हे दोन शिक्षकच आहेत. ज्या मातीत १९१७ साली शाहू महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तिथे हा पैसा उभा राहू शकतो, याबद्दल मला शंका नाही. फक्त तो नीट मागायला हवा आणि नीट लावायला हवा.

हा लेख माजी विद्यार्थी मंडळं, छोटे ट्रस्ट, निवृत्त शिक्षकांचे गट, गावाकडे काहीतरी करू पाहणारे मुंबई-पुणेकर आणि कारखानदार यांच्यासाठी आहे.

आधी एक केंद्र निवडा

जिल्हा घेऊ नका, तालुकाही घेऊ नका. जिल्हा परिषदेच्या दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र असतं, त्याला केंद्रप्रमुख असतात आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या एकत्र बैठका, म्हणजे शिक्षण परिषदा, होतात. शाळांनी असे गट करून एकमेकींना हात द्यावा ही कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीचं मौनी विद्यापीठही त्यांच्याच पुढाकारातून उभं राहिलं.

एकच केंद्र घ्यायचं याचं व्यवहारी कारण म्हणजे बदल्या. तुम्ही एका शिक्षकावर पैसे खर्च करता आणि पुढच्या वर्षी त्यांची बदली होते. केंद्रातले सगळे शिक्षक एकाच पद्धतीने काम करत असतील, तर दोघे-तिघे गेले तरी पद्धत टिकते. नव्याने आलेल्यांना शिकवणारे सहकारी शेजारच्याच वाडीवर असतात.

केंद्र निवडताना यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या संकेतस्थळावर, प्रत्येक शाळेचा पट आणि शिक्षकसंख्या पाहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक असतात. पट ४० असला तरी त्यात चार इयत्ता असल्या, तर शिकवणं किती अवघड होतं हे कागदावर कळत नाही. म्हणून कागद पाहून झाला की शाळेत जा.

शिक्षकांना विचारा, मग वर्गात बसा

बहुतेक प्रशिक्षणांचे विषय कार्यालयात बसून ठरतात. तुम्ही तसं करू नका. केंद्रप्रमुखांशी बोलून शिक्षण परिषदेत अर्धा तास मागून घ्या आणि शिक्षकांना दोनच प्रश्न विचारा: वर्गातली कोणती गोष्ट करताना अडतं? आणि आत्तापर्यंतच्या कोणत्या प्रशिक्षणातलं काय वर्गात खरंच वापरलं? उत्तरं नाव न लिहिता कागदावर घ्या. तोंडी विचारलं तर वरिष्ठांसमोर सगळे "छान चाललंय" म्हणतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

मग मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन वर्गात बसा. तपासायला आलो आहोत असं कोणालाही वाटू देऊ नका. दुसरीतल्या एखाद्या मुलीला धडा वाचायला सांगा. ती तालासुरात, न अडखळता वाचते. मग त्याच पानावरच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा. ती थांबते, मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून म्हणत त्या शब्दापर्यंत येते आणि मग शब्द सांगते. धडा तिला पाठ आहे, वाचन अजून आलेलं नाही. पलीकडे पहिलीची मुलं पाटीवर तेच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत असतात, कारण बाईंना दुसरीकडे लक्ष द्यायचं आहे. तेवढ्यात पोषण आहाराच्या नोंदीसाठी फोन येतो. एवढं पाहिलंत की या केंद्राला प्रेरणादायी व्याख्यान नको आहे हे तुम्हाला कळेल. हवं आहे ते असं: सुरुवातीचं वाचन कसं शिकवायचं, दोन इयत्ता एका खोलीत कशा चालवायच्या आणि कोणतं मूल कुठे अडलंय हे दहा मिनिटांत कसं ओळखायचं.

चंदगडकडच्या शाळांत आणखी एक गोष्ट दिसेल. घरची बोली कोकणी-कन्नडच्या सीमेवरची आणि पुस्तकातली मराठी प्रमाण. मूल गप्प असतं म्हणजे त्याला येत नाही असं नव्हे. मुलांची बोली वर्गात कशी आणायची हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र विषय होऊ शकतो. ऊसपट्ट्यातलं केंद्र घेतलंत, तर हंगामात येणाऱ्या ऊसतोड मजुरांची मुलं पाच-सहा महिन्यांसाठीच वर्गात असतात. त्यांचं काय करायचं हेही शिक्षकांच्या यादीत येईल.

परवानगी आणि भागीदार

पैशाआधी ही पायरी. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना पत्र द्या, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. वर्षभराचं काम असेल तर जिल्हा परिषदेशी सामंजस्य करार करा. करारात एक ओळ हवीच: कार्यशाळेच्या दिवशी शिक्षक कर्तव्यावर मानले जातील आणि तसा लेखी आदेश निघेल. तो आदेश नसेल तर शिक्षकाला रजा टाकून यावं लागतं आणि मग चांगल्या मनाचे चार-पाचजणच येतात.

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे डाएटला, सुरुवातीपासून बरोबर घ्या. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला ५० तासांचं व्यावसायिक विकासाचं काम करायचं आहे. तुमची कार्यशाळा त्या तासांत धरली जावी यासाठी डाएटशी आधीच बोला. तसं झालं तर शिक्षकांना तो वरचा बोजा वाटत नाही. मुलांना तिसरीपर्यंत वाचन आणि मूलभूत गणित आलं पाहिजे हे निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. तुमचा विषय त्याला जोडला की अधिकाऱ्यांनाही तो आपला वाटतो.

शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. बाहेरून मोठा वक्ता आणण्याआधी जवळ पाहा. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय आहे. सुरुवातीच्या वाचनावर मराठीतून नेटकं काम करणाऱ्या संस्था आहेत: फलटणची प्रगत शिक्षण संस्था, पालघर जिल्ह्यातली क्वेस्ट. स्तरानुसार गट करून शिकवण्याची पद्धत 'प्रथम' या संस्थेने देशभर नेली. अशा संस्थांकडून पद्धत शिका. रोजच्या पाठपुराव्यासाठी मात्र माणूस तालुक्यातलाच घ्या. प्राथमिकच्या वर्गात आयुष्य घालवलेले, तालुका ओळखणारे निवृत्त शिक्षक मिळाले तर फारच उत्तम.

कार्यक्रमाचा आराखडा

माझं म्हणणं सरळ आहे: पैसा शिक्षकाच्या मागे वर्गापर्यंत गेला पाहिजे. हॉलमध्ये, बॅगेत, बॅनरमध्ये आणि उद्घाटनाच्या हारात संपणाऱ्या पैशाने मुलाच्या वाचनात फरक पडत नाही. दोन दिवस ऐकलेली गोष्ट शिक्षक वर्गात करून पाहतो, ती अर्धवट जमते, मुलं गोंधळ करतात आणि तो जुन्या पद्धतीकडे परत जातो. नेमक्या त्या आठवड्यात त्याच्या शेजारी कोणीतरी बसायला हवं.

म्हणून वर्षाचे तीन टप्पे करा. प्रत्येक टप्प्यात दोन दिवसांची कार्यशाळा आणि मधल्या महिन्यांत शाळाभेटी. शाळाभेटीला जाणाऱ्याला सुलभक म्हणू. तो दिवसभर शाळेत थांबेल, एक तासिका स्वतः घेऊन दाखवेल, एक तासिका शिक्षकाची पाहील आणि मुलं घरी गेल्यावर दोघं अर्धा तास बोलतील. बोलण्यातून पुढच्या भेटीपर्यंत करायची एकच गोष्ट ठरेल. दहा सूचना दिल्या तर एकही होत नाही. सुलभकाची नोंदवही शिक्षकाला वाचायला खुली असावी आणि त्यातलं काहीही वरिष्ठांकडे जाऊ नये. ही अट करारात घाला. शिक्षकाचा विश्वास बसला नाही, तर तो सुलभकासमोर आपला सर्वांत चांगला पाठ करून दाखवेल आणि अडचण झाकून ठेवेल.

द्विशिक्षकी शाळांतून दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं तर शाळा बंद पडते. म्हणून दोन तुकड्या करा. त्याने कार्यशाळांचे दिवस दुप्पट होतात, खर्चही थोडा वाढतो, पण मुलांचा दिवस बुडत नाही आणि गावाची तक्रार येत नाही.

वेळापत्रक आपल्या पावसाकडे बघून करा. पहिला टप्पा शाळा सुरू झाल्यावर जूनच्या अखेरीला. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावडा, राधानगरीकडे रस्ते आणि पूल पाण्याखाली जातात, त्यामुळे त्या काळात जवळच्या शाळांना भेटी द्यायच्या आणि लांबच्यांशी फोनवर बोलायचं. दुसरा टप्पा गणपतीनंतर, तिसरा दिवाळीच्या सुट्टीनंतर. निवडणुका आणि जनगणनेच्या कामाला शिक्षकांना कायद्यानेच लावता येतं, म्हणून प्रत्येक टप्प्याला एक पर्यायी तारीख हाताशी ठेवा.

अंदाजपत्रक

बारा शाळा आणि तीस शिक्षकांचं केंद्र धरून नमुना देतो. दर तुमच्या भागाप्रमाणे बदला.

- चहा-जेवण: ३० शिक्षकांचे प्रत्येकी ६ दिवस, शिवाय दोन मार्गदर्शक आणि सुलभक दोन्ही तुकड्यांना, एकूण २१६ ताटं, १५० रुपयांप्रमाणे ३२,४०० रुपये
- शिक्षकांचा प्रवास: १८० फेऱ्या, १०० रुपयांप्रमाणे १८,००० रुपये
- दोन मार्गदर्शकांचं मानधन: प्रत्येकी १२ दिवस, दिवसाला २,००० रुपये, ४८,००० रुपये
- वर्गातलं साहित्य (गोष्टींची पुस्तकं, अक्षरकार्डं, गणिताच्या वस्तू): शाळेला ५,००० रुपयांप्रमाणे ६०,००० रुपये
- पूर्णवेळ सुलभक: महिना २०,००० रुपये, १० महिने, २,००,००० रुपये
- सुलभकाचा प्रवास: महिना ३,००० रुपये, ३०,००० रुपये
- सुरुवातीची आणि शेवटची चाचणी: १५,००० रुपये
- लेखापरीक्षण, स्टेशनरी: १५,००० रुपये

एकूण ४,१८,४०० रुपये. यातले निम्म्याहून जास्त सुलभकाचे आहेत. देणगीदार पहिली कात्री तिथेच लावायला सांगतील: "पगारावर एवढे कशाला?" तिथे ठाम राहा. काटकसर करायचीच असेल तर केंद्रशाळेतच, म्हणजे केंद्राच्या मुख्य शाळेत, कार्यशाळा घ्या आणि जेवण गावातल्या बचत गटाकडून करून घ्या.

याच आकड्याचे दोन छोटे आकडे काढून ठेवा. एका शिक्षकाला वर्षाला सुमारे १४,००० रुपये, एका शाळेला सुमारे ३५,००० रुपये. "आपल्या वाडीच्या शाळेचं एक वर्ष" म्हणून ३५,००० रुपये गोळा करणं माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही झेपतं.

कोणाकडे मागायचं

सुरुवात गावापासून करा. जत्रेला मुंबईकर येतात तेव्हा बैठक घ्या. पण पावती कोणाच्या नावाने फाडायची हे आधी ठरवा. नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक देणगी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. त्यापेक्षा आधीपासून नोंदलेल्या, हिशेब चोख असलेल्या ट्रस्टबरोबर काम करणं सोपं. देणगी बँकेतून घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकरातली, सवलत मिळत नाही. आणि नवी करप्रणाली घेतलेल्या पगारदाराला ती सवलत मुळातच नाही, म्हणून करसवलतीचं आमिष दाखवू नका, कामाबद्दल बोला.

नंतर उद्योग. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत इथे फाउंड्री आणि इंजिनिअरिंगच्या कंपन्या आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार आधीच्या वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यातली एकही मर्यादा गाठलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. शिक्षण त्या यादीत आहेच. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या नफ्याच्या निकषावर यात येतात. सीएसआरची रक्कम वर्षाला ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी समिती लागत नाही, निर्णय संचालक मंडळच घेतं. अशा ठिकाणी लांबलचक ऑनलाइन अर्जापेक्षा मालकांना शाळेत नेणं जास्त उपयोगाचं.

सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक लागतो. नव्या मंडळाकडे हे नसतं, आणि जुन्या ट्रस्टबरोबर जाण्याचं हे दुसरं कारण. कंपन्यांचं पुढच्या वर्षाचं नियोजन साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतं. तुमचा प्रस्ताव तेव्हा त्यांच्या टेबलावर असला पाहिजे. मार्च अखेरीला "पैसे शिल्लक आहेत, पंधरा दिवसांत खर्च करा" असा फोन आला तर घाईत कार्यशाळा उरकू नका. काम एका वर्षापेक्षा जास्त चालणारा प्रकल्प म्हणून कंपनीने आधीच मंजूर केलं असेल, तर न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरायची सोय कायद्यात आहे. म्हणून मागणीच दोन किंवा तीन वर्षांची करा.

सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यांना कलम १३५ दाखवून उपयोग नाही. तिथे सभासदांची मुलं याच शाळांत शिकतात, हा मुद्दा संचालकांपुढे ठेवा. रोख मिळाली नाही तरी कार्यशाळेसाठी सभागृह किंवा सुलभकाच्या प्रवासाची सोय मागता येते.

रोटरी क्लबकडे छोट्या कामासाठी जिल्हा अनुदान असतं. रोटरी फाउंडेशनचं ग्लोबल ग्रँट किमान ३०,००० डॉलरच्या प्रकल्पाला मिळतं आणि त्याला दुसऱ्या देशातला क्लब भागीदार लागतो. एका केंद्राचं काम दोन वर्षं नीट झाल्यावर, चार-पाच केंद्रांसाठी तिकडे वळा.

परदेशातल्या देणगीबद्दल गोंधळ फार होतो. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या कमाईतून देत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही, फक्त पासपोर्टची प्रत फाइलला ठेवा. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली गावची लेक, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, कायद्याने विदेशी स्रोत ठरते. एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या संस्थेने तिच्याकडून थोडीही रक्कम घेऊ नये. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेने घेतलेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे मधला मार्ग शोधू नका.

प्रस्ताव

दोन पानं पुरतात. पहिला परिच्छेद साधारण असा लिहा:

"आमच्या केंद्रात १२ शाळा आणि ३० शिक्षक आहेत. जूनमध्ये दुसरी-तिसरीच्या प्रत्येक मुलाचं वाचन आम्ही समोर बसून तपासू आणि त्याची केंद्राची एकत्रित नोंद आपल्याला देऊ. वर्षभर शिक्षकांसोबत काम करून फेब्रुवारीत तीच तपासणी पुन्हा करू. सुधारणा झाली नाही तर का झाली नाही, हेही अहवालात लिहू."

शेवटचं वाक्य ठेवाच. त्याने देणारा घाबरत नाही, त्याचा विश्वास वाढतो. सोबत अंदाजपत्रक, जिल्हा परिषदेचं पत्र, ट्रस्टची नोंदणीपत्रं आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडा.

तपासणी, हिशेब आणि दुसरं वर्ष

तपासणी सोपी ठेवा: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट या चढत्या क्रमाने मूल कुठपर्यंत पोचतं ते पाहा. मजकूर पाठ्यपुस्तकाबाहेरचाच घ्या, कारण वर सांगितलेली पाठ म्हणणारी मुलगी पुस्तकावर पूर्ण गुण मिळवते. निकाल शिक्षकाच्या मूल्यमापनासाठी वापरायचा नाही आणि शाळाशाळांची क्रमवारी लावायची नाही. देणगीदाराला केंद्राची एकत्रित आकडेवारी द्या, प्रत्येक शिक्षकाला त्याच्या वर्गाची यादी द्या. मुलांची नावं आणि फोटो पालकांच्या संमतीशिवाय अहवालात घालू नका.

प्रत्येक देणगीसाठी स्वतंत्र खातेपान ठेवा. दर तीन महिन्यांनी एक पान हिशेब आणि एक पान काम, एवढा अहवाल न मागता पाठवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही तो वाचून दाखवा. वाडीवरच्या पालकांना शिक्षक काय शिकतोय हे कळलं की बाई गोष्ट सांगत बसल्या म्हणून तक्रार होत नाही, उलट घरी पुस्तक वाचून दाखवायला सांगितलं जातं.

पहिल्या वर्षाच्या जानेवारीतच केंद्रातले चार-पाच शिक्षक हेरा, ज्यांचे वर्ग आता इतरांनी येऊन पाहावेत असे झाले आहेत. दुसऱ्या वर्षी कार्यशाळेतला अर्धा भाग त्यांच्याकडे द्या आणि त्यासाठी मानधनाची तरतूद ठेवा, फुकट राबवून घेऊ नका. तिसऱ्या वर्षी सुलभक अर्धवेळ करा आणि त्यातून वाचलेले पैसे शेजारच्या केंद्राच्या पहिल्या वर्षासाठी लावा. बदलून आलेल्या शिक्षकांसाठी दर जूनला दोन दिवस आणि थोडी रक्कम राखून ठेवा, मग तो आकडा कितीही छोटा असो.

फेब्रुवारीची तपासणी झाली की निकाल घेऊन आधी केंद्रशाळेत शिक्षकांसमोर बसा. कोणत्या वाडीवर काय जमलं आणि काय राहिलं हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. पुढच्या वर्षाचा प्रस्ताव त्या कागदावरून लिहायचा आणि कंपन्यांची नियोजनाची बैठक होण्याआधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, पोचवायचा.